पुरात बुडालेली फोर बाय फोर जीप पुन्हा उभी करताना

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या गोठ्यात शिरलं तेव्हा आधी म्हशी बाहेर काढल्या, मग म्हातारी माणसं, मग जमेल तेवढं धान्य. जीप राहिली. आमचं गाव प्रयाग चिखली. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, पण गाव नद्यांच्या संगमावर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर परत आलो तर हुडाच्या लोखंडी कमानींना उसाचं पाचट लोंबत होतं आणि सीटवर बोटभर गाळ बसलेला.

जीप महिंद्राची एमएम 540, 1993 ची, फोर बाय फोर, म्हणजे लागेल तेव्हा चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी. आबांनी गुऱ्हाळासाठी घेतलेली. गुळाचे रवे मार्केट यार्डात न्यायचे, येताना खताची पोती आणायची, पावसात रानातनं वैरण बाहेर काढायची, ही तिची कामं. लग्नाच्या वरातीला ती कधी गेली नाही. आबा तिला 'गाडी' म्हणतात आणि माझ्या कारला 'तुझं ते'.

पूर ओसरल्यावर पहिल्याच दिवशी मी किल्ली लावायला निघालो होतो. शेजारच्या गल्लीतला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पोरगा पळत आला. "स्टार्टर मारू नगासा!" म्हणून ओरडलाच. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन वर येतो, पण पाणी काही दबत नाही. मग दबतो तो पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड. त्यानं सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल काढले, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. दोन भोकांतनं कारंज्यासारखं गढूळ पाणी उडालं ते थेट माझ्या शर्टावर. मग डिझेल ओतलं, पुन्हा फिरवलं, ऑइल काढून टाकलं. ते ताकासारखं पांढरट आलं. गिअरबॉक्सचं तसंच, दोन्ही अ‍ॅक्सलचंही तसंच.

तेवढ्यावर आम्ही थांबलो आणि तीच मोठी चूक झाली. घराची भिंत बांधायची होती, बियाणं घ्यायचं होतं, जीप मागं पडली. 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा निदान दोन दिवस आधी ट्रॅक्टरला बांधून सोनतळीला उंचावर नेऊन ठेवली. पण हलवली म्हणजे दुरुस्त केली असं होत नाही. चार वर्षं ती तशीच.

2023 मध्ये दोन गोष्टी झाल्या. आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची मुदत डिसेंबरात संपत होती. आणि आबा एकदा जेवताना म्हणाले, "भंगारात घालायची असली तर मला सांगू नकोस, मी गावाला गेल्यावर घाल." आबा गावाला जात नाहीत. ते गावातच असतात.

पहिल्यांदा शहरातल्या एका गॅरेजमध्ये टाकली. नाव लिहीत नाही. अ‍ॅडव्हान्स घेतला, इंजिन उतरवलं, हेड खोललं आणि चार महिने "उद्या बघूया". शेवटी मीच जाऊन पार्ट पोत्यात भरून आणले. त्यात पुशरॉड, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, सात निघाले, आठवा शेवटपर्यंत सापडला नाही. याचा एक धडा मात्र घ्या: इंजिन खोलायच्या आधी, खोलताना आणि खोलल्यावर मोबाईलवर फोटो काढा. मी काढले नव्हते.

मग कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री मिळाले. उद्यमनगरात एका गल्लीत लेथवाला, पुढच्या गल्लीत क्रँक घासणारा, त्याच्या समोर पंप-नोझलवाला, त्यामुळं इंजिनाचं काम पायी फिरून होतं. मिस्त्रींनी पोतं ओतलं, पार्ट एकेक करून हातात घेतले आणि पहिलंच वाक्य टाकलं, "दोन नंबर आणि तीन नंबर जाम हाईत. बाकी दोन चांगलं असतील." मी विचारलं, न बघता कसं? म्हणाले, "इंजिन थांबतं तवा कुठल्या तरी सिलिंडरचं वॉल्व्ह उघडंच राहत्यात. दमट हवा तिथनं आत जाती. बंद हुती ती वाचली." खोलल्यावर तसंच निघालं. दोन नंबरचा पिस्टन लायनरला, म्हणजे तो ज्या नळीत वरखाली होतो तिला, असा चिकटला होता की आठ दिवस डिझेलात भिजत ठेवून, लाकडी ठोकळा लावून ठोकावा लागला.

या इंजिनाची एक गंमत सांगतो. एमएम 540 मधलं हे डिझेल इंजिन मूळचं प्यूजोचं, एक्सडीपी 4.90. त्या आकड्याचा अर्थ मला तीस वर्षं माहीत नव्हता. चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, 83; हिशोब केला की चौघांचे मिळून 2112 सीसी. मिस्त्रींनी व्हर्निअर लायनरमध्ये घालून मला 90 दाखवलं, म्हणजे 90 आणि वर झिजलेलं थोडं. लायनर ओले, म्हणजे बाहेरनं थेट कूलंटच्या पाण्यात असणारे. त्यामुळं ब्लॉक बोअर करायची गरज नाही, जुने लायनर ओढून काढायचे आणि नवे बसवायचे. पण खालच्या रबरी रिंगा जिथं बसतात ती जागा गंजानं खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. तिथं मिस्त्रींनी दोन दिवस पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून घासलं, मशिनला हात लावू दिला नाही. क्रँक घासून पुढच्या मापाची बेअरिंग घातली, हेड फेसिंग केलं, पंप कॅलिब्रेट केला, चारही हीटर प्लग नवे. आठवा पुशरॉड जुन्या बाजारात मिळाला, दुसऱ्या जीपमधला.

आता अपग्रेडचं. मी खरं तर यादीच करून गेलो होतो. बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय इंजिन, रुंद टायर, पुढं जाड बंपर, वर लाइटांची रांग. मिस्त्रींनी यादी वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, "तुमची जीप पळत न्हाई म्हणून तक्रार हाय का थांबत न्हाई म्हणून?" खरं होतं. ती कधीच धड थांबायची नाही. चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि पाण्यातनं बाहेर आली की पुढचे शंभर मीटर ब्रेक म्हणजे देवाचं नाव.

इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. शिवाय जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. जाड लोखंडी बंपरवर तर केंद्रानं 2017 मध्येच बंदीचं पत्र काढलंय. चालू होणारं इंजिन फेकून कागदांच्या मागं पळण्यात मला रस उरला नाही. रुंद टायरवर मिस्त्रींचं मत असं: आमच्या काळ्या रानात वरचा चिखल वीतभर असतो आणि खाली जमीन घट्ट. अरुंद टायर चिखल कापत खाली जाऊन घट्ट जमीन धरतो, रुंद टायर वरच तरंगत फिरतो. वाळूत उलटं असेल, पण वाळू आमच्याकडं फक्त नदीत. म्हणून मूळ मापाचेच 6.00-16 घेतले, मोठ्या खाचांचे.

पैसे घातले ते ब्रेकमध्ये. त्याच कंपनीच्या नंतरच्या जीपचे पुढचे डिस्क आणि व्हॅक्यूम बूस्टर बसवले. आणि इथंच आमची फजिती झाली. पहिल्या ट्रायलला रंकाळ्यापर्यंत गेलो तर पुढनं जळका वास, गाडी जड, चाकाला हात लावला तर चटका. पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला होता. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह असतो. ड्रमला तो लागतो, डिस्कला मात्र तोच दाब पॅड सुटू देत नाही. मिस्त्री पाच मिनिटं गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "चूक माजी हाय. मास्टर सिलिंडर माज्या पैशानं." मी अर्धे दिले.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा बदल वेगळाच आहे. ब्रीदरचा. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर एक छोटंसं तोंड असतं, आतली हवा गरम होऊन फुगली की बाहेर जायला. चालून तापलेली गाडी थंड पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि हाउसिंग बाहेरचं ओढायला लागतं. ब्रीदर पाण्याखाली असला की तिथनं आणि झिजलेल्या सीलमधनं पाणी आत. म्हणजे ताकाच्या रंगाचं ऑइल व्हायला सहा दिवसांचा पूर लागत नाही, ओढ्यातली पाच मिनिटं पुरतात. आम्ही पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला आणि गिअरबॉक्सला रबरी नळ्या जोडून बॉनेटच्या आत, पत्र्याच्या वरच्या कडेला नेऊन बांधल्या. खर्च हजाराच्या आत.

चेसिसनं, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यानं, मात्र रडवलं. बाहेरनं ठीक दिसत होती. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरनं खालनं टोचत नेलं आणि एका ठिकाणी तो मुठीपर्यंत आत गेला. कापून बघितलं तर आत 2019 चा गाळ, पाचटासकट, विटेसारखा घट्ट. हा गाळ ओल धरून ठेवतो आणि लोखंड आतनं खातो. मोटारीच्या पाण्यानं दोन तास धुतलं तेव्हा स्वच्छ पाणी आलं. दीड फूट तुकडा बदलला, पाणी निथळायला खालनं भोकं ठेवली. पाट्यांची बुशं, शॅकल, शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस, सगळं वायरिंग नवं. रंग, सीट आणि हुड यावर लिहिण्यासारखं काही नाही. कुशनवाल्यानं विचारलं कुठला रंग, आबा म्हणाले जुनाच.

आरटीओचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सरळ झालं. गल्लीतले एक काका रोज सांगायचे, दहा वर्षांवरची डिझेल गाडी आता बंद. ते दिल्लीकडचं, आपल्याकडं नाही. आपल्याकडं खासगी गाडीची पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची. फॉर्म 25, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि गाडी स्वतः तपासणीला. फी एप्रिल 2022 मध्ये 600 ची 5000 झाली होती, आमच्या वेळी तेवढी होती. अडचण आली ती चेसिस नंबरच्या पेन्सिल प्रिंटची. नंबरावर तीन थर रंग आणि गंज. मिस्त्रींनी रॉकेलचं फडकं फिरवलं, अगदी बारीक पेपरनं हळूहळू घासलं, खडूची पूड चोळली आणि एकेक आकडा पांढरा होऊन वर आला. शेवटचा आकडा 3 की 8 यावर आमचं दहा मिनिटं भांडण. आरसीत 8 होता. कागद ठेवून पेन्सिल फिरवली तेव्हा त्यावरही 8 उमटला, मग जीव भांड्यात पडला. तपासणीत साहेबांनी लाइट, हॉर्न, हँडब्रेक बघितला आणि शेवटी विचारलं, "विकणार काय?"

एकूण खर्च दोन लाख साठ हजाराच्या आसपास. त्यात पहिल्या गॅरेजला गेलेले पैसे धरलेले नाहीत, ते धरले की झोप येत नाही. एवढ्यात चांगली जुनी बोलेरो आली असती, हे मला चार जणांनी सांगितलंय आणि ते बरोबर आहे.

फोर बाय फोर वापरणाऱ्या नव्या पोरांसाठी एक सांगायला हवं, कारण माझ्या पुतण्यानं पहिल्याच आठवड्यात केलं. या जीपमध्ये पुढची आणि मागची चाकं जोडली की मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, नसतं. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही अ‍ॅक्सल एकाच वेगानं बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक सोडून देतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, सगळा ताण क्रॉस आणि गिअरवर येतो आणि फोर बाय फोरची दांडी परत निघत नाही. पुतण्या दांडीला लोंबकळत होता. थोडं मागं घेतलं, लगेच सुटली. लो गिअर तर थांबूनच टाकायचा.

2024 च्या जुलैत पाण्यानं पुन्हा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. या वेळी म्हशींच्या आधी जीप चालू केली, कारण म्हशींची वैरण तिच्यातनंच जाणार होती. रानातनं बाहेर येणाऱ्या वाटेवर गुडघ्यापेक्षा थोडं कमी पाणी, खाली गाळ. फोर बाय फोर लो, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटरला जवळजवळ पाय नाही. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला आबा शेजारी येऊन बसले, सोनतळीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, उतरताना फक्त डॅशबोर्डवरचं पाणी टॉवेलनं पुसलं.

आठवड्यानं मिस्त्रींकडं गेलो, दोन्ही अ‍ॅक्सलचे प्लग खोलले. मागचं ऑइल मधासारखं. पुढचं मात्र किंचित फिक्कट. मिस्त्रींनी बोटावर घेऊन उजेडात धरलं, चोळून बघितलं. "उजव्या बाजूचं सील," ते म्हणाले, "नवं घालूनबी पितंय. सोडून जावा गाडी."