आधी जागा, मग वस्तू

एखादे अनोळखी छायाचित्र समोर आले की ‘हा समुद्रकिनारा’, ‘हे जंगल’, ‘ही कुठली तरी लांब मार्गिका’ असे मन आधी ठरवून मोकळे होते आणि चित्रात नेमके काय काय आहे हे पाहणे त्यानंतर सुरू होते. आज दिवसभर हाच विचार मनात घोळत राहिला. खोड, फांद्या, पाने, पायवाट असे एकेक ओळखत जायचे आणि त्यांच्या बेरजेतून जंगल सिद्ध करायचे, हा क्रम तर्काला पटणारा आहे. पण डोळा आणि मेंदू त्या क्रमाने चालत नाहीत, आणि याचे पुरावे वाचताना मला फार आनंद झाला.

सायमन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पूर्वी कधीही न पाहिलेली छायाचित्रे प्रत्येकी केवळ २० मिलिसेकंद दाखवली गेली आणि त्यांत प्राणी आहे की नाही एवढेच विचारले गेले. उत्तरे बहुतांशी बरोबर आलीच, शिवाय डोक्यावर लावलेल्या विद्युताग्रांनी नोंदवलेल्या संकेतांमध्ये प्राणी असलेल्या आणि नसलेल्या चित्रांतला फरक सुमारे १५० मिलिसेकंदांतच उमटलेला दिसला. आपली नजर एका सेकंदात साधारण तीन-चार वेळा जागा बदलते, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे महत्त्व कळते: नजर पहिल्या ठिकाणावरून हलण्यापूर्वीच मेंदूने बरेचसे काम उरकलेले असते.

इतक्या थोड्या वेळात वस्तूंची यादी करणे शक्य नसेल, तर मेंदू पकडतो तरी काय? ऑड ओलिव्हा आणि अँटोनियो तोर्राल्बा यांनी २००१ मध्ये दिलेले उत्तर मला सर्वांत समाधानकारक वाटते. दृश्य किती मोकळे आहे, ते निसर्गनिर्मित आहे की मानवनिर्मित, त्याचा पोत किती खडबडीत आहे, त्यातल्या रेषा दूरवर एकत्र येतात का, अशा संपूर्ण चौकटीला लागू होणाऱ्या मोजक्या गुणांवरूनच रस्ता, डोंगर किंवा किनारा यांची वर्गवारी होऊ शकते, असे त्यांनी दाखवून दिले. यासाठी एकही वस्तू सुटी करून ओळखावी लागत नाही. संध्याकाळी मी मुद्दाम चष्मा काढून खिडकीबाहेर पाहिले. पाने, तारा, माणसांचे चेहरे सगळे पुसले गेले, पण ही जागा कोणत्या प्रकारची आहे, ती किती खोलवर पसरली आहे आणि चालायला वाट कुठे आहे, यांबद्दल तसूभरही शंका उरली नाही.

मोठे, धूसर आकार आणि बारीक रेषा यांच्यातले हे नाते फिलिप शिन्स आणि ओलिव्हा यांनी १९९४ मध्ये एका युक्तीने तपासले होते. एका दृश्याचे धूसर रूप आणि दुसऱ्या दृश्याच्या बारीक रेषा एकाच चित्रात मिसळल्या, तर ३० मिलिसेकंद पाहणाऱ्यांना प्रामुख्याने धूसर दृश्य ओळखू येई आणि १५० मिलिसेकंद पाहणाऱ्यांना रेषांचे. मात्र हा क्रम अटळ मानणे योग्य नाही, कारण समोरच्या कामाला जी माहिती उपयोगी असेल तिच्याकडे मेंदू आधी वळू शकतो, हे त्याच दोघांनी १९९७ मध्ये दाखवले. आपल्याच निष्कर्षाची मर्यादा आपणच दाखवणारे असे संशोधन वाचले की त्या विषयावरचा विश्वास वाढतो.

मेंदूतल्या जागेचा शोधही तितकाच विलक्षण आहे. रसेल एपस्टाइन आणि नॅन्सी कॅनविशर यांनी १९९८ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागालगतचा एक छोटा भाग चेहरे किंवा सुट्या वस्तू पाहताना फारसा प्रतिसाद देत नाही, पण दृश्य पाहताना जोमाने सक्रिय होतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, सामानाने भरलेली खोली आणि तीच खोली पूर्ण रिकामी करून, या दोन्हींना त्याचा प्रतिसाद जवळपास सारखाच होता. त्याला भिंती, जमीन आणि त्यांनी वेढलेला अवकाश पुरेसा होता. या परिसराला इजा झालेल्या काही रुग्णांना वस्तू ओळखता येतात, पण परिचित ठिकाणे ओळखणे आणि वाट शोधणे अवघड जाते. एखाद्या जागेत ‘असणे’ ही जाणीव वस्तूंच्या ओळखीपासून इतकी वेगळी असू शकते, ही कल्पना मला आज प्रथमच नीट उमगली.

संदर्भाचा उपयोग उलट दिशेनेही होतो. इर्व्हिंग बीडरमन यांनी १९७२ मध्ये छायाचित्रांचे तुकडे करून ते विस्कळीत मांडले, तेव्हा मूळ जागीच राहिलेली वस्तू ओळखणेही लोकांना कठीण गेले. म्हणजे जागा कळली की वस्तू सोप्या होतात, आणि जागाच मोडली की जागेवर असलेली वस्तूही डळमळीत होते.

रात्री वाचताना सर्वांत जास्त रेंगाळलो ते सीमाविस्ताराच्या घटनेपाशी. हेलीन इंट्राब आणि मायकेल रिचर्डसन यांनी १९८९ मध्ये नोंदवले की जवळून घेतलेले छायाचित्र आठवून रेखाटताना लोक चौकटीबाहेरचा भागही रेखाटतात, जो त्यांनी प्रत्यक्षात कधीच पाहिलेला नसतो. याला स्मृतीचा दोष म्हणणे मला अन्यायाचे वाटते. चौकट ही कॅमेऱ्याची असते, जग तिथे संपत नाही, आणि मेंदू हे जाणून पुढचा भाग आपणहून जोडतो. एलेनॉर मॅग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांवर हेच तपासले, तेव्हा त्यांच्यात हा विस्तार कमी आढळला आणि चित्राची चौकट त्यांना निरोगी माणसांपेक्षा अधिक अचूक आठवली. अशा रुग्णांना मनात नवे दृश्य उभे करणेही जड जाते, हे त्याच गटाच्या आधीच्या कामातून दिसले होते. तेव्हा पाहणे आणि कल्पिणे यांची यंत्रणा किती अंशी एकच आहे, या प्रश्नावर उद्यापासून वाचायला सुरुवात करणार आहे.