बड्या घरच्या रोमन बायका

रोमचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, "तिथल्या बड्या घरच्या बायकांच्या हातात खरंच काही होतं का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पैसा होता. मत नव्हतं, पद नव्हतं. पण वडील गेले की मुलीला वाटा मिळे आणि बहुतेक लग्नांत तो नवऱ्याच्या मालकीचा होत नसे. बाकी सगळं ओळखीपाळखीवर, एकमेकींच्या घरी जाऊन शब्द टाकण्यावर चाले.

इ.स.पू. 42 मध्ये हे दोन्ही पणाला लागलं. जूलियस सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस यांच्याविरुद्धच्या युद्धासाठी, तेव्हा रोमची सत्ता हातात असलेल्या अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या तिघांनी 1400 श्रीमंत बायकांवर कर बसवला. त्यांच्यातल्या कित्येकींची माणसं याच तिघांनी मारायच्या विरोधकांच्या जाहीर याद्या लावून मारवली होती. त्यांची बाजू मांडायला एकही पुरुष धजेना.

रीतीप्रमाणे त्या आधी बायकांकडेच गेल्या. ऑक्टेव्हियनच्या बहिणीने ऐकून घेतलं, अँटनीची आई जूलिया हिनेही. या जूलियाबद्दल मला फार आदर वाटतो. तिच्या भावाचं नाव यादीत होतं. मारेकरी घरात घुसले तेव्हा ती हात पसरून खोलीच्या दारात उभी राहिली आणि आधी तुमच्या सेनापतीच्या आईला मारा म्हणाली. भाऊ वाचला. पण अँटनीची बायको फुल्विया हिने या बायकांना दारातूनच हाकललं.

मग त्या तडक फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, तिघांच्या समोर. बोलली हॉर्टेन्सिया, नामांकित वक्ता हॉर्टेन्सियस याची मुलगी. आम्ही तुमचं वाईट केलं असेल तर आमचीही नावं यादीत घाला, नसेल तर ही शिक्षा कशाची? पदं, मानमरातब, सैन्य, राज्यकारभार यांत आम्हाला वाटा नाही, मग कर का द्यायचा? रोमचं शत्रूराज्य कार्थेज, त्याच्याशी लढताना आधीच्या बायकांनी आपणहून दागिने दिले. आपसातल्या युद्धाला आम्ही काहीही देणार नाही.

तिघे खवळले. बायकांना हटवा म्हणून शिपायांना हुकूम सुटला, पण जमलेल्या लोकांनी असा गलका केला की हात आवरावा लागला. दुसऱ्या दिवशी 1400 च्या 400 झाल्या, आणि लाखाहून अधिक ड्रॅक्मांची (चांदीच्या नाण्यांची) मालमत्ता असलेल्या पुरुषांवरही बोजा पडला. कर पुरता रद्द झाला नाही, 400 जणी अडकल्याच. तरीही एवढं पदरात पडलं ते भर चौकात बोलल्यामुळे, आणि म्हणून लिव्हिया किंवा आग्रिपिना या पुढच्या काळातल्या सम्राटांच्या घरच्या बायकांच्या आधी मी हॉर्टेन्सियाचं नाव घेते. शंभरावर वर्षांनी वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन लिहितो की हॉर्टेन्सियाचं भाषण लोक अजून वाचतात, आणि ते केवळ बाईचं म्हणून नव्हे.