रत्नागिरीतील जाहिरात संस्था आणि हापूसचा हंगाम

जनसंवाद विषयात पदवी घेणाऱ्या माझ्या वर्गातील बहुतेकांनी इंटर्नशिपसाठी मुंबई गाठली. मी मात्र रत्नागिरीतच, मारुती मंदिर परिसरातील एका छोट्या जाहिरात संस्थेत उमेदवारी करायचे ठरवले, आणि हा निर्णय घराजवळची सोय म्हणून घेतलेला नव्हता. मोठ्या शहरात जाहिरात देणारा, ती लिहिणारा आणि ती वाचणारा यांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही. आमच्याकडे हे तिघे एकाच बाजारात मासळी घेताना भेटतात. अशा गावात जाहिरातीत केलेल्या प्रत्येक दाव्याचा जाब कोणीतरी विचारतोच. तेव्हा जाब देता येईल अशी जाहिरात कशी तयार होते, हे मला आतून पाहायचे होते.

संस्था लहान होती. प्रमुख सर, मजकूर पाहणाऱ्या ताई, संगणकावर मांडणी करणारे दोघे दादा आणि वसुलीसाठी फिरणारे एक काका एवढाच व्याप. वर्षाचे वेळापत्रक मात्र कोकणाच्या हवामानाने आखलेले असते. मार्चपासून मेपर्यंत आंबा, जूनच्या तोंडावर शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश, १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठण्याच्या सुमारास जाळी आणि इंजिने विकणारी दुकाने, आणि त्यानंतर चाकरमानी गावी येतात तो गणपतीचा मोठा हंगाम. मी आंब्याच्या दिवसांत तेथे होते, त्यामुळे जे शिकले ते प्रामुख्याने आंब्याच्या निमित्ताने.

आधी पैशांचे गणित समजून घ्यावे लागले. वृत्तपत्रातील जागा कॉलम सेंटिमीटरने विकली जाते. चार कॉलम रुंद आणि १० सेंटिमीटर उंच जाहिरात म्हणजे ४० कॉलम सेंटिमीटर. समजा दर १०० रुपये असेल, तर बिल ४,००० रुपयांचे होते आणि साधारण १५ टक्के कमिशनच्या हिशेबाने संस्थेच्या हाती ६०० रुपये पडतात. मजकूर, मांडणी, दुरुस्त्या, रिलीज ऑर्डर म्हणजे वृत्तपत्राला जाहिरात छापण्याची लेखी मागणी पाठवणे, छापून आल्यावर व्हाउचर कॉपी म्हणजे पुराव्याचा छापील अंक जोडून बिल देणे आणि मग वसुलीसाठी फेऱ्या मारणे, हे सारे त्या रकमेत बसवायचे असते. मला मिळणारे मानधन थोडे होते, तरी या आकड्यांकडे पाहिल्यावर त्याचे मोल कळले. विद्यार्थ्यांकडून फुकट काम करून घेणे हा पायंडा अनेक ठिकाणी पडला आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही.

माझ्याकडे सोपवलेले मुख्य काम पावसच्या बाजूच्या एका आंबा बागायतदारांचे होते. वाशीच्या बाजारात दलालामार्फत माल पाठवण्याऐवजी पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पेटी घरपोच द्यायची, असा त्यांचा बेत होता, आणि त्यासाठी वृत्तपत्रातील जाहिरात, पुठ्ठ्याच्या पेटीवरील छपाई आणि महामार्गावरचा एक फलक हवा होता. पहिल्या भेटीत त्यांनी वहीचे एक पान पुढे केले. त्यावर ‘अस्सल देवगड हापूस’, ‘१०० टक्के सेंद्रिय’, ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’, ‘साक्याविना’ (साका म्हणजे पिकताना गरात राहणारा पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग) आणि ‘कोकणात सर्वांत गोड’ असे पाच दावे ओळीने लिहिलेले होते. सरांनी ते पान माझ्याकडे दिले आणि सांगितले, “लिहायला बसू नकोस. आधी बागेत जाऊन ये, आणि यातले काय काय उभे राहते ते बघ.”

बागेत मी दिवसभर होते. बागायतदार काकांनी झेला कसा चालवतात ते दाखवले: लांब काठीच्या टोकाला पाते आणि जाळी, पात्याने देठ कापायचा आणि फळ जाळीत अलगद घ्यायचे. देठ थोडा राखावा लागतो, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि तेथे काळा डाग पडतो. “बाय, चौदा आणे तयार झाल्याशिवाय मी फळाला हात लावत नाही,” असे त्यांनी सांगितले. पूर्ण तयार फळ सोळा आणे धरले, तर त्यातले चौदा आणे, असे हे पक्वतेचे जुने माप. मग देठाजवळ फळाचे खांदे कसे भरून येतात ते बोटाने फिरवून दाखवले. खोलीत भाताच्या पेंढ्यावर आढी लावलेली होती, म्हणजे फळे पिकण्यासाठी रचून ठेवलेली होती. आठ-दहा दिवसांत ती फळे रंगावर येणार होती. फवारणीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी काहीही लपवले नाही. मोहोरावर तुडतुडे आले की फवारावेच लागते, आणि दरवर्षी मोहोर यावा म्हणून कलमांना कल्टार हे झाडाची वाढ रोखणारे रसायनही देतो, असे त्यांनी सरळ सांगितले.

परत आल्यावर त्या पानावरील दावे एकेक करून तपासले. ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ हा दावा आढी पाहिल्यामुळे टिकला. ‘सेंद्रिय’ तर लगेच गेले, कारण प्रमाणपत्राशिवाय आणि कल्टार देणाऱ्या बागेबद्दल ते लिहिणे म्हणजे उघड खोटे. ‘सर्वांत गोड’ सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग नव्हता, म्हणून तेही गेले. ‘देवगड’ या नावावर मात्र बरीच चर्चा झाली. पुण्यातला ग्राहक देवगडचे नाव घेऊन आंबा मागतो, हे काकांचे म्हणणे खरेच होते. पण देवगड सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि बाग रत्नागिरी तालुक्यात. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे आणि त्याचे चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यांनीच वापरायचे असते. काकांची नोंदणी झालेली नव्हती, तेव्हा पेटीवर चिन्हही टाकता येत नव्हते. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात खोट्या वापरासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे मी त्यांना वाचून दाखवले. पण त्यांना पटला तो सरांचा प्रश्न: “तुमच्या मातीतला आंबा दुसऱ्याच्या गावाच्या नावाने का विकायचा?” माझ्या मते हाच मुद्दा कायद्यापेक्षा मोठा आहे. परप्रांतातील आंबा हापूस म्हणून खपवला जातो याबद्दल आपले बागायतदार दरवर्षी तक्रार करतात. ती तक्रार करणाऱ्याने स्वतःच्या पेटीवर शेजारच्या जिल्ह्यातील गावाचे नाव छापले, तर त्या तक्रारीत बळ उरत नाही.

साक्याचा दावा सर्वांत अवघड होता. साका फळाच्या आत असतो, बाहेरून अजिबात दिसत नाही, आणि कितीही काळजी घेतली तरी एखादे फळ तसे निघतेच. ‘साका नाही’ असे कोणताही बागायतदार छातीठोकपणे सांगू शकत नाही. ताईंनी सुचवले की जे सांगता येत नाही त्याऐवजी जे करता येईल ते लिहावे. काकांनी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी होकार दिला. जाहिरातीचा मजकूर शेवटी असा झाला: “चौदा आणे तयार झाल्यावर उतरवलेला, पेंढ्याच्या आढीत पिकवलेला रत्नागिरी हापूस. फळात साका निघाल्यास छायाचित्र पाठवा, पुढच्या पेटीत फळ बदलून देऊ.” शहरातील वाचकाला ‘चौदा आणे’ कळेल का, असे एका दादांनी विचारले. ताईंचे म्हणणे पडले की कळले नाही तर तो फोन करून विचारील, आणि फोन यावा यासाठीच तर जाहिरात आहे.

हे सारे करताना कायद्याची पुस्तके प्रथमच कामासाठी उघडली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील एक अट मला विशेष आवडली: दाव्याखालची खुलाशाची ओळ त्या दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये असावी. मराठीत मोठे आश्वासन आणि तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हा प्रकार आपण इतका पाहिला आहे की त्यात काही गैर वाटेनासे झाले आहे. आमच्या जाहिरातीत ‘पुरवठा हवामानावर अवलंबून’ ही ओळ मराठीतच आणि नीट वाचता येईल अशी घेतली.

मजकूर ठरला म्हणजे काम संपले असे होत नाही. मी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकीय अक्षरपद्धतीत लिहिलेले, मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी श्रीलिपी या जुन्या फाँटपद्धतीत बदलावे लागे, आणि त्या बदलात ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ अशा शब्दांतील अक्षरे हमखास तुटत. म्हणून प्रूफ पडद्यावर तपासायचे नाही, छापील आकारात कागदावर काढून एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने पाहायचे, हा तेथील नियम. दूरध्वनी क्रमांक तर शेवटच्या अंकापासून उलटा वाचला जातो, कारण सरळ वाचताना डोळा सवयीने पुढे घसरतो.

हातखंब्याजवळच्या फलकाचा हिशेब वेगळा होता. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पाच सेकंद नजर मिळाली तरी तेवढ्यात ८० मीटरहून अधिक अंतर मागे पडते. मग फलकावर ‘रत्नागिरी हापूस, थेट बागेतून’ आणि वळणाचा बाण, एवढेच राहिले. मे महिन्याच्या अखेरीस, वाऱ्यापावसाआधी, तो फ्लेक्स उतरवण्याची तारीख करारातच लिहून घेतली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली, तेव्हापासून सर या बाबतीत कोणाचेही ऐकत नाहीत.

एक काम संस्थेने नाकारले, त्याचाही उल्लेख करते. मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा असलेल्या चूर्णाची जाहिरात घेऊन एक विक्रेते आले होते आणि रक्कम आगाऊ द्यायला तयार होते. अशा दाव्यांना १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्याने बंदी आहे, हे सरांनी त्यांना शांतपणे सांगितले आणि पाने परत केली. पुढे तशाच मजकुराची पत्रके गावात वाटलेली मी पाहिली. विशेषज्ञ डॉक्टरला दाखवायचे तर कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागणारी गावे आपल्याकडे कमी नाहीत. तेथे अशी ओळ वाचून कोणी चालू गोळ्या बंद केल्या, तर त्याची किंमत फार मोठी असते. जाहिरात लिहिणाऱ्याची जबाबदारी येथे डॉक्टरइतकीच आहे, असे मला मनापासून वाटते.

काकांची जाहिरात छापून आल्यावर फोन येऊ लागले आणि ताईंनी म्हटले तसेच अनेकांनी आधी चौदा आण्यांचा अर्थ विचारला. काका प्रत्येकाला तो न कंटाळता समजावून सांगत. साका निघाल्याची छायाचित्रेही काही आली, आणि ती फळे ठरल्याप्रमाणे पुढच्या पेटीत बदलून गेली. आता मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याच्या नोंदणीसाठी त्यांची कागदपत्रे जमवायला मी सुट्टीच्या दिवशी मदत करते आहे. पुढील हंगामाच्या पेटीचे आर्टवर्क नोंदणी क्रमांक हाती आल्यावरच छपाईला पाठवायचे, असे आमचे ठरले आहे.