पूर्वसेवा ग्राह्य नाही

आमच्या शिक्षणसंस्थेच्या आस्थापना विभागात नवीन नेमणुकांचा दिवस म्हणजे पेढ्यांचा दिवस. बहुतेक जण आधी अंबाबाईचं दर्शन घेतात आणि कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून फाईल घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहतात. घाई सगळ्यांना एकाच गोष्टीची, रुजू अहवालावर 'म.पू.' पडलं पाहिजे. मध्यान्हपूर्व. "अमावास्या आहे, उद्या रुजू झालो तर चालेल का?" असं विचारणारे पीएचडीवालेही मी पाहिलेत, आणि ते काही फक्त कला शाखेतले नव्हते.

माझं काम मूळ कागद तपासायचं, सेवापुस्तक उघडायचं आणि आधीची कुठली नोकरी ग्राह्य धरायची याची टिपणी लिहायचं. पहिली दोन कामं कुणीही करेल. तिसऱ्यात माणसाची वीस-वीस वर्षं हातात येतात आणि नियमाच्या चाळणीतून खाली काय पडतं ते आपल्यालाच बघावं लागतं.

त्या सोमवारी गर्दी होती. सैनिक टाकळीचे एक माजी सैनिक कर्मचारी म्हणून रुजू होत होते. फौजेतून आलेल्यांचे कागद सगळ्यांत स्वच्छ. कुठे होते, कधीपासून कधीपर्यंत, सगळं डिस्चार्ज बुकात. ते दहा मिनिटांत मोकळे झाले. मग भौतिकशास्त्राच्या एक मॅडम, दक्षिण कोरियात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करून आलेल्या. कोल्हापुरात मटेरियल सायन्स शिकलेली पोरं कोरियाला जातात याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. त्यांना वाटत होतं, पीएचडीची वर्षंही अनुभवात धरतील. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत ते स्पष्ट नाकारलंय. नोकरीत राहून, रजा न घेता, शिकवता शिकवता पीएचडी केली असेल तर ती सेवा धरतात. फेलोशिपवर केली असेल तर नाही. त्यांनी शांतपणे मान हलवली. तरुण आहेत, पुढे भरून निघेल.

खरा प्रकार त्यांच्यानंतर शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या दोघांचा.

एक होते शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले. साठीकडे झुकलेले, पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे साचे घडवण्याच्या खात्यात, सुरुवात करून स्वतःचा कारखाना उभा केलेले. मोल्डिंगच्या वाळूत ओल किती आहे हे मूठ दाबून सांगणारा माणूस. त्यांची नेमणूक 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून झालेली. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मॅडम, मी डिप्लोमावाला हो. पुढं कोण काय म्हणणार नाही न्हवं?" मी त्यांना समजावलं की २०२२ च्या यूजीसी मार्गदर्शक तत्त्वांनुसार या पदाला पदवीची अटच नाही. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव आणि नाव हवं. अशी पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त भरता येत नाहीत आणि मुदत, वाढ धरूनसुद्धा, चार वर्षांच्या पुढे जात नाही. "आणि हो," मी म्हटलं, "आधी शिक्षकी पेशात असलेल्यांना हे पद मिळत नाही. सेवेतल्याला नाही, निवृत्तालाही नाही."

शेजारच्या खुर्चीतले सर यावर मोठ्यानं हसले. ते अर्थशास्त्राचे नवे सहायक प्राध्यापक. चाळिशी ओलांडलेली, सेट ही पात्रता परीक्षा, पीएचडी, सगळं रीतसर. त्यांची फाईल उघडली आणि ते का हसले ते कळलं. भुदरगड, कागल, गडहिंग्लज अशा तीन तालुक्यांतल्या महाविद्यालयांची अनुभव प्रमाणपत्रं, सगळी तासिका तत्त्वावरची, म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढेच पैसे. दरवर्षी ऑगस्टात नवी ऑर्डर, मार्चात संपली. दरवर्षीच्या मान्यतेची पत्रंही जपून लावलेली.

अशी हंगामी सेवा धरायला नियमावलीत तीन अटी आहेत. पात्रता असावी, रीतसर निवड समितीनं निवड केलेली असावी आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. पहिल्या दोन त्यांना जमत होत्या. तिसरी तासिकेवर राबणाऱ्या कुठल्या माणसाला जमेल, हे ती लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ज्याला कमी पगारात राबवलं, त्याला कमी पगाराच्याच कारणावरून बाद करायचं, असा तो मामला. मी टिपणी लिहिते, नियम लिहीत नाही. पण ते वाक्य लिहिताना दरवेळी पेन अडतं.

मग साक्षांकन नमुना भरायला दिला. त्यात आधीच्या सगळ्या नोकऱ्या लिहायच्या असतात; काही लपवलं तर सेवा संपुष्टात येऊ शकते, असा इशाराही वरच छापलेला असतो. तो वाचून सर थांबले. फाईलच्या तळातून त्यांनी एक कागद काढला. "मॅडम, हेही लिहायचं का?"

साखर कारखान्याचं पत्र होतं. शेती खात्यात स्लिप बॉय, म्हणजे फडावर ऊसतोडीच्या स्लिपा देणारा; हंगामी कायम, म्हणजे दर हंगामाला ठरलेली नोकरी; सलग अकरा गळीत हंगाम. सकाळी कॉलेज, दुपारी ऊसतोडीच्या फडावर स्लिपा. दोन्हीकडचं कसं जमवलं ते मी विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की वर्गात सहकारी साखर धंदा शिकवायचा झाला की पुस्तक उघडावं लागत नसे.

"लिहा," मी म्हटलं. "पीएफ कापत होते का?"

"कापायचे की. कॉलेजात मात्र कुठंच नाही."

माझे दीर कारखान्यात आहेत, म्हणून एक गोष्ट मला माहीत होती. पीएफसोबतच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत हंगामी उद्योगातल्या कामगाराचा हंगाम, चार-पाच महिन्यांचा असला तरी, पूर्ण वर्ष धरतात. सरांना मी ते सांगितलं. ते बोटांवर मोजायला लागले, तोवर फाउंड्रीवाल्यांनीच हिशेब केला. "अकरा हंगाम म्हणजे अकरा वर्षं. दहा पुरी झाली की पेन्शन बसती, अठ्ठावन्नाव्या वर्षापासनं. कमीत कमी हजार रुपये. माझ्याकडं पोरं हायत, मला ठाऊक हाय."

"म्हणजे कॉलेजातली सगळी वर्षं गेली," सर म्हणाले, "आणि स्लिपा वाटलेली तेवढी राहिली."

कोरियावाल्या मॅडम अजून तिथंच होत्या, त्यांनी मान खाली घातली. फाउंड्रीवाले मात्र हसले नाहीत, की हळहळलेही नाहीत. त्यांनी खिशातून कार्ड काढून मागे आपल्या अकाउंटंटचा नंबर लिहिला. "यूएएन, म्हंजे पीएफचा नंबर, घेऊन त्याच्याकडं जावा. नावात, जन्मतारखेत फरक असला तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मागनं लई हेलपाटे पडत्यात." मग जरा अडखळत म्हणाले, "आणि सर, वर्गात उभं कसं राहायचं, तेवढं मला एकदा सांगा. पोरांनी प्रश्न विचारला आणि नाय आला तर?"

"येत नाही म्हणून सांगायचं," सर म्हणाले. "पोरांना चालतं ते."

दोघं चहाला कँटीनकडे गेले. मी अर्थशास्त्राची टिपणी पुरी केली. तासिका तत्त्वावरील पूर्वसेवा वेतननिश्चितीस ग्राह्य नाही, वेतनाचा शैक्षणिक स्तर १०, प्रारंभिक वेतन ५७,७०० रुपये. साखर कारखान्यातली सेवा सेवापुस्तकात नोंदवायची गरज नव्हती. मी साक्षांकन नमुन्याची प्रत जोडली, त्यावर तारीख घातली आणि फाईल सहीला पाठवली.