वरून बघ, आडवं बघ

विहिरी-बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणं हे माझं रोजचं काम. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातून पाण्याच्या बाटल्या येतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं भारतीय मानक सांगतं. युरिया, उकिरडे, सांडपाणी यांतून ते जमिनीत मुरतं आणि त्याला ना रंग, ना वास. ‘काय भो, पाणी तर काचेसारखं आहे, तपासायचं काय त्यात?’ असं शेतकरी विचारतात. त्यांना मी जे समजावून सांगतो, त्याचा पाया सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या शाळेत घातला गेला.

नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी एका परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेटचं फिकट जांभळं द्रावण घेतलं. तशाच दुसऱ्या नळीत तेवढंच द्रावण घेऊन वर तेवढंच पाणी घातलं आणि नळी हलवली. आडवं पाहिलं तर दुसऱ्या नळीतला रंग निम्म्यावर आलेला. मग त्यांनी दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदावर उभ्या धरल्या आणि म्हणाले, ‘आता वरून बघ.’ रंग अगदी सारखा! पाणी दुप्पट झालं, पण वरून खाली जाणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत कण तेवढेच राहिले. संहती, म्हणजे द्रावणाचा दाटपणा, निम्मी; वाट दुप्पट.

बुगेर (1729), लँबर्ट (1760) आणि बेअर (1852) यांच्या कामातून उभा राहिलेला नियम तो हाच: प्रकाश किती शोषला जाईल हे संहती आणि वाटेची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतं. कॉलेजात तो सूत्र म्हणून आला तेव्हा मला पाठ करावा लागला नाही.

आज माझ्यासमोर स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, असतो. एक सेंटिमीटर रुंदीच्या क्वार्ट्‌झ क्युव्हेटमधून (नमुना ठेवायच्या चौकोनी नळीतून) 220 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश जातो आणि नायट्रेट तो शोषतं. पाण्यातले सेंद्रिय पदार्थही तो शोषतात, म्हणून नायट्रेट जवळजवळ शोषत नाही अशा 275 नॅनोमीटरवर दुसरं रीडिंग घेऊन त्याची दुप्पट वजा करायची. संहती वाढते तसा ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला याचा आकडा) सरळ रेषेत वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ॲब्सॉर्बन्स 1 म्हणजे शंभरातला दहा भाग प्रकाश पलीकडे पोचला, 2 म्हणजे एक भाग आणि 3 म्हणजे हजारातला एक. नमुन्यातून न जाता यंत्रात भरकटून मोजला जाणारा प्रकाशही तेवढाच, हजारातला एक भाग असेल, तर खऱ्या 3 च्या जागी 2.7 दिसतात. म्हणजे पाणी जितकं जास्त दूषित, तितकं यंत्र ते खऱ्यापेक्षा कमी दूषित दाखवतं! मला या गोष्टीची फार काळजी वाटते, कारण त्या आकड्यावर घरातलं तान्हं बाळ कोणतं पाणी पिणार हे ठरतं.

या पद्धतीत आलेख लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम नायट्रोजनपर्यंत (नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून) सरळ राहतो. नायट्रेटच्या हिशोबात ते 49 च्या आसपास, म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या जेमतेम पुढे. त्यामुळे ज्या विहिरींची खरी चिंता, त्यांचंच पाणी सरळ रेषेच्या बाहेर जातं. अशा वेळी नमुना पातळ करायचा: पिपेटने 10 मिली घेऊन फ्लास्कमध्ये 100 पर्यंत न्यायचा, रीडिंग घ्यायचं आणि उत्तराला दहाने गुणायचं. शंका आली की मी सरांचीच कसोटी लावतो. नमुन्यात तेवढंच शुद्ध पाणी घालायचं. रीडिंग निम्मं झालं नाही, तर पहिल्या आकड्यावर रिपोर्ट द्यायचा नाही. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आधी हे शिकवतो, यंत्राची बटणं नंतर.

सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची बॅच शाळेला एक साधा कलरिमीटर, म्हणजे द्रावणाचा रंग मोजणारं यंत्र, देणार आहे. परमँगनेट हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून हिरवा फिल्टर लावावा. त्या फिल्टरमधून बराच रुंद पट्टा येत असल्याने आलेख लवकर वाकतो. विज्ञानाच्या शिक्षकांना एकच विनंती: मुलांना फक्त सरळ रेषा येईल अशी द्रावणं देऊ नका, रेषा वाकेल इतकं दाट द्रावणही मुद्दाम द्या आणि ते पातळ करून पुन्हा मोजायला लावा.