बाराशेची साडी आणि एक पुस्तक

मागच्या महिन्यात पुण्याहून आत्या आली होती, तिला बांधणी हवी होती म्हणून इथे बडोद्यात मांडवीत घेऊन गेले. आम्ही दोघी मराठीत बोलतोय बघून दुकानातले काका पोऱ्याला हळूच म्हणाले, "बहारगामना छे, अढारसो कहेजे" (बाहेरगावचे आहेत, अठराशे सांग). मी म्हटलं, "काका, हुं तो दांडिया बजारनी ज छुं!" काका गोरेमोरे झाले, चहा मागवला, साडी 1200 ला दिली.

हे आठवलं साउथ आफ्रिकेतला विनोदवीर ट्रेव्हर नोआ याचं 'बॉर्न अ क्राइम' हे आत्मकथन वाचताना. 2016 चं पुस्तक, मी आत्ता वाचलं, उशीरच झाला. त्यात असाच एक किस्सा आहे, फक्त तिथे साडी नाही, जिवाशी खेळ आहे. ट्रेव्हर रस्त्याने चाललाय, मागून झुलू (तिथली एक काळी जमात) पोरं येतायत, ह्या 'गोऱ्याला' कसं लुटायचं ते झुलूत ठरवतायत, आणि हा वळून झुलूतच म्हणतो, अरे आपण सगळे मिळूनच कोणाला तरी लुटूया ना! पोरं चक्क सॉरी म्हणतात.

आपण बडोद्याचे मराठी लोक घरी मराठी, खाण्याच्या लारीवर "तरी वधारे नाखजो" (तर्री जास्त घाला), ऑफिसात हिंदी, आणि पुण्यात गेलं की "तुमची मराठी जरा गुजराती वाटते हं" ऐकतो, त्यामुळे हे लगेच कळतं. पण आपलं काय, चुकलं तर फार तर 600 रुपये जातात.

ट्रेव्हरची आई खोसा जमातीची, म्हणजे काळी, वडील स्विस गोरे. साउथ आफ्रिकेत 1927 च्या कायद्याने असा संबंध हाच गुन्हा, पुरुषाला 5 वर्षांपर्यंत जेल, बाईला 4. हा जन्मला 1984 ला आणि ती बंदी उठली 1985 ला, म्हणजे पोरगं हाच पुरावा, तोही रांगणारा! आई हात धरून चालायची आणि पोलीस दिसले की हात सोडून अशी बाजूला व्हायची की हे कोणाचं पोर कोण जाणे. एकदा बागेत ह्याने "डॅडी" म्हणून हाक मारली, लोक बघायला लागले, वडील घाबरून पळाले, आणि ह्याला वाटलं पकडापकडी चाललीये, हा हसत मागे. इथे मी पुस्तक मिटलं आणि उगाचच जाऊन गॅसवर चहा ठेवला.

सोवेटोतली (जोहान्सबर्गची काळ्यांची वस्ती) आजी तर भारीच, बाकी नातवंडांना बडवायची पण ह्याला नाही, का तर हा मारला की निळा हिरवा लाल होतो, असलं पोर तिने कधी बघितलंच नव्हतं.

तरुणपणी तो सीडी विकायचा, तो भाग मला लांबलेला वाटला. पण पुस्तक खरं तर आईचं आहे, रविवारी तीन तीन चर्चना नेणाऱ्या त्या हट्टी बाईचं. शेवटचं प्रकरण घरीच वाचा, बसमध्ये नको.

इंग्रजी सोपं आहे. जमलं तर ऑडिओबुक ऐका, त्याने स्वतः वाचलंय. आत्याला पाठवलं होतं, काल रात्री अकराला फोन, "अगं, तो बाप पळाला गं!"