गळकं धाबं काढून काय टाकायचं?

मी बांधकामाची कामं घेतो. त्यामुळे पहिले दोन पाऊस पडले की खानदेशातल्या अमळनेर-चोपड्याकडून धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांतून फोन सुरू होतात. "घर गयी ऱ्हायनं भाऊ, पत्रा टाकू का सलाप?" म्हणजे घर गळतंय, पत्रा टाकू की स्लॅब? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी आधी उलट विचारतो : वरचं वजन कशावर आहे, खांबांवर की भिंतींवर? आपल्याकडच्या जुन्या धाब्यांमध्ये बहुतेक भार लाकडी खांब आणि सरे, म्हणजे आडव्या तुळया, पेलतात, मातीची भिंत नुसता आडोसा असते. सऱ्यांवर किलच्या (लाकडाच्या चिरफळ्या), त्यावर पाला-काड्या, मग माती आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे पांढरी खारट माती. मृगाआधी दर वर्षी नवी खारी पडते, जुनी मात्र कोणी खरवडून काढत नाही. फूटभर कोरडी माती चौरस मीटरला 450-500 किलो भरते, म्हणजे 5 इंची स्लॅबच्या दीडपट. भिजल्यावर आणखी. मग सऱ्याला पोट येतं, त्या खळग्यात पाणी साचतं आणि घर तिथेच गळतं. त्यावर आपला उपाय काय, तर आणखी दोन टोपल्या खारी! 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशीच जड मातीची छपरं माणसांवर कोसळली होती.

तेव्हा आधी माती उतरवा. मग एक मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि सऱ्याचं भिंतीत गेलेलं टोक टोचून बघा. मध्ये सागवान ठणठणीत वाजतं, पण भिंतीतल्या टोकाला ओल आणि वाळवी दोन्ही लागतात. पातं इंचभर आत गेलं तर तो सरा बदलायचाच.

मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायला मी सरळ नाही म्हणतो. स्लॅब हवाच असेल तर पाया खोदून कॉलम उभे करा. म्हणजे ते नवं घरच झालं, हिशेबही तसाच धरा. शिवाय काम नेमकं उन्हाळ्यात निघतं. अशा कोरड्या उन्हात स्लॅबला किमान 10 दिवस पाणी पाजावं लागतं, आणि तेव्हा गावात प्यायच्या पाण्याचीच मारामार असते.

कौलं दिसतात छान. सातपुड्याच्या पायथ्याला वानरं ती महिनाभर टिकू देत नाहीत.

राहिले पत्रे. माझी पसंती यांनाच, पण नुसते नाहीत. किलच्या तशाच ठेवायच्या, त्यावर दोन-तीन इंच माती, आणि वर दीड-दोन फूट मोकळी जागा सोडून उताराचे पत्रे. दोन्ही टोकांना भिंत न घालता जाळी लावायची, म्हणजे पत्र्याखालची गरम हवा निघून जाते आणि दुपारी खोलीत बसवतं. पत्र्याचा सांगाडा खांबांनाच बोल्टने आवळा. रावेर-यावलच्या केळी ज्या वाऱ्याने आडव्या होतात, तो वारा पत्र्यांवर ठेवलेले दगड जुमानत नाही. स्क्रू रबरी वॉशरचे घ्या आणि पत्र्याच्या उंचवट्यावर मारा. खोलगटात मारले की गळती पुन्हा सुरू. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) काम उरकलेलं बरं. घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. फोडू-कापू नका, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओले करून अख्खे उतरवा.

घरातल्या बायका पत्र्याला नाही म्हणतात, तेही उगाच नाही. कुरडया-पापड वाळवायचे कुठे, मिरच्या कुठे घालायच्या, उन्हाळ्यात झोपायचं कुठे? धाबं गेलं की ही सगळी जागा जाते. म्हणून ऐपत असेल तर पुढच्या ओसरीपुरते चार कॉलम घालून छोटा स्लॅब टाका, त्याला वेगळा जिना द्या. लोखंडी जिना तेवढा नको. वैशाखात सकाळी दहानंतर त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.